मशीनलाही मीठ लागतं

आमच्या गावात नवा पाहुणा आला आणि चुकून हातपंपाचं पाणी प्यायला, तर पहिल्याच घोटाला त्याचा चेहरा सांगतो की हा खारपाण पट्ट्याबाहेरचा माणूस आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. वर काळी, खोल, चिकण जमीन; कापूस, तूर, मूग, हरभरा जोमानं येतो. पण खाली पाणी खारट. विहीर खोदा, बोर मारा, चव तीच. मी वरुडकडची, संत्र्याच्या भागातली. लग्न होऊन दर्यापूर तालुक्यातल्या या गावात आले, त्या पहिल्या सकाळी न्हाणीत भांडी घासायला बसले तर साबणाला फेसच येईना. वडी झिजत होती आणि हाताला नुसता चिकटा लागत होता. मला वाटलं, साबण जुना आहे. सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "साबन नाई वो माय, पानी तसं हाय. राख घे."

त्या दिवसापासून राख. पराटी (कापसाची वाळकी झाडं) जाळून उरलेली, गोवरीची, चाळून डब्यात भरून ठेवलेली. तारेची घासणी नंतर आली, डिशवॉश बारही आला, पण तर्रीचा गंज (पातेलं) आणि दुधाचं बगुणं निघायचं ते राखेनंच. आईंच्या (सासूबाईंना मी आईच म्हणते) बोटांच्या पेरांवर कायमच्या भेगा होत्या. हिवाळ्यात त्यांतून रक्त यायचं, त्या खोबऱ्याचं तेल लावायच्या आणि पुन्हा पाण्यात हात घालायच्या. मी दिवसभर शाळेत असायची, म्हणून सकाळची भांडी त्यांचीच. २०२१ च्या पावसाळ्यात त्या न्हाणीच्या फरशीवर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मुठीत जोर काही परत आला नाही. दिवाळीला पुण्याच्या दिरांनी भांडी धुण्याचं मशीन पाठवून दिलं.

हे मशीन मला गेल्या काही वर्षांत जितकं समजलं, तितकं लिहून ठेवायचं आहे. कारण ते बंद पडलं तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं. कंपनीचा माणूस एकदाच आला, अमरावतीहून. बोरच्या टाकीची तोटी जोडली, सांडपाण्याची नळी न्हाणीच्या भोकात सारली, एकदा चालवून दाखवलं आणि सही घेऊन गेला. त्यानंतर फोन केला की उत्तर एकच, तुमच्या पिनकोडला सध्या माणूस नाही. मला त्याचा फार राग आला होता. मशीन विकताना पिनकोड कोणी विचारला नव्हता.

पहिला बिघाड आठवड्यातच आला. पाणी भरल्याचा आवाज येई, पण बटणांवरचा आकडा पुढे सरकतच नसे. मशीन पाणी घेतच राही. दार उघडून पाहावं तर तळ कोरडा. मालक शेतातून आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे तर ड्रममधून नळीनं डिझेल काढतो तसं झालं." खरंच तसंच होतं. नळीचं तोंड जमिनीलगत होतं, मशीनच्या तळाच्याही खाली. एकदा नळी पाण्यानं भरली की पाणी आपोआप ओढलं जाई आणि मशीन भरता भरता रिकामं होई. आम्ही भिंतीत खिळा ठोकून नळी दोन फूट वर उचलली, सुतळीनं बांधली आणि मग तिचं तोंड खाली सोडलं, तेही भोकात घट्ट न बसवता. दहा मिनिटांचं काम. पुस्तिकेत याचं चित्रही होतं, लावणाऱ्यानं ते पाहिलं नव्हतं आणि आम्हीही पाहिलं नव्हतं.

पाणीच न येणं हा दुसरा प्रकार, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अंगठ्याच्या नखाएवढं असतं. तोटीची नळी मशीनला जिथे जोडते, तिथे एक बारीक जाळी असते. पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी येतं, टाकीच्या तळाला गाळ बसतो आणि तो येऊन त्या जाळीवर थांबतो. तोटी बंद करायची, प्लग काढायचा, नळी हातानं उलगडायची, जाळी चिमट्यानं ओढून जुन्या ब्रशनं घासायची. जाळी स्वच्छ असूनही पाणी हळू येत असेल तर टाकीची उंची बघायची. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार धरतात. आमच्या पुस्तिकेत किमान अर्धा बार मागितला होता, म्हणजे पाच मीटर, आणि आमची टाकी तर स्वयंपाकघराच्या स्लॅबवरच टेकलेली. मोजायला मीटर लागत नाही. नळी काढून बादलीत सोडायची आणि दहा लिटरची बादली एका मिनिटात भरते का ते घड्याळ लावून बघायचं.

आता पांढऱ्या थराबद्दल लिहिते. या एका गोष्टीनं मला सहा महिने छळलं, आणि खारपाण पट्ट्यात ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्या सगळ्यांना ती छळत असणार.

पहिल्या महिन्यात काचेचे ग्लास धुक्यातून काढल्यासारखे निघू लागले. स्टीलच्या ताटांवर पांढरे ओघळ. नंतर चमच्यांवर तांबूस ठिपके, गंजासारखे. मी पावडर वाढवली, थर वाढला. पावडर कमी केली, तर तर्रीचा तेलकटपणा राहू लागला. सगळ्यात गरम प्रोग्राम लावून पाहिला, ताटं चटका बसेल इतकी तापली, थर मात्र तसाच. मशीनमध्ये मिठाचा कप्पा आहे हे मला माहीत होतं. त्यात कंपनीचं मीठ भरलेलंही होतं. तरी थर.

आईंना हे मीठ प्रकरण आधीपासूनच पटलेलं नव्हतं. "अवो, आपल्या पान्यात काय कमी मीठ हाय, अजून टाकून राह्यली?" त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देता येतं. मशीनच्या पोटात राळेच्या (रेझिनच्या) बारीक मण्यांचा एक डबा असतो. पाण्याला जडपणा आणणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या मण्यांना चिकटतात आणि त्यांच्या बदल्यात मण्यांवरचं सोडियम पाण्यात सुटतं. पाणी मृदू होतं, साबण काम करतो. पण मणी काही धुण्यांनंतर भरून जातात. मग मशीन कप्प्यातलं दाट मिठाचं पाणी त्यांच्यावरून फिरवतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटून न्हाणीत वाहून जातं आणि मणी पुन्हा ताजे होतात. म्हणजे हे मीठ भांड्यांना लागत नाही, मण्यांना लागतं. आणि म्हणूनच ते शुद्ध लागतं. खडेमिठात माती असते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतं, ज्यांना घालवायचं तेच आपण आत टाकतो. जेवणातल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून काही मिसळलेलं असतं, शिवाय ते दमट होऊन कप्प्यात दगडासारखं बसतं. आमच्या घरात यावरून वाद झाला होता आणि मी पुस्तिकेतली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली होती.

एका रविवारी ग्लास पुसत बसले होते. आईंनी एक उचलला, उजेडात धरला, आतून बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं. थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हा चुना नाई. खार हाय."

मी तो ग्लास साध्या पाण्यात बुडवला. थर गेला. ना लिंबू, ना घासणी.

पाण्याच्या भांड्यात तळाला बसतो तो चुना जिभेला खडूसारखा लागतो आणि साध्या पाण्यानं निघत नाही. चाळीस वर्षं या पाण्यात हात घातलेल्या बाईला हे माहीत होतं. मला विज्ञान शिकवताना माहीत होतं आणि स्वयंपाकघरात आठवलं नाही. राळेचे मणी पाण्याचा जडपणा घेतात, खारटपणा घेत नाहीत. बोरच्या पाण्यातलं मीठ मशीनमधून जसंच्या तसं पार होत होतं, उलट कॅल्शियमच्या जागी आलेलं सोडियम त्यात थोडी भर घालत होतं. शेवटच्या गरम पाण्यानं भांडी तापायची, पाणी उडून जायचं, मीठ ताटावर राहायचं. चमच्यांवरचे तांबूस ठिपकेही त्याचेच. मिठातलं क्लोराइड स्टीलला बारीक बारीक भोकं पाडतं.

मग मी नीट तपासायचं ठरवलं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या काही बायकांना पाणी तपासायला शिकवलं होतं, त्यांत मी होते. संच ग्रामपंचायतीत असतो. जडपणाच्या चाचणीत पाण्याला आधी वाइनसारखा लालसर रंग येतो, मग थेंब थेंब औषध टाकत जायचं आणि रंग निळा होईपर्यंतचे थेंब मोजायचे. नळाच्या पाण्याला थोडेच थेंब पुरले. बोरचं पाणी मात्र मी थेंब टाकत राहिले आणि ते लालच राहिलं, जांभळं झालं, पुन्हा थांबलं, आणि निळं झालं तेव्हा बाटली पुष्कळ रिकामी झाली होती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. विरघळलेल्या एकूण क्षारांना हीच मर्यादा ५०० आणि २,००० आहे. आमचा बोर दोन्हींच्या पलीकडे निघाला. ज्यांच्या घरी नुसता टीडीएस मीटर, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार दाखवणारा मीटर, आहे त्यांना एक सांगते, तो आकडा जडपणाचा नाही. खारट पाण्यात मीटर मोठा आकडा दाखवील, पण त्यातला चुना किती आणि मीठ किती हे त्याला कळत नाही. मशीनवर जडपणाची पायरी लावायची असते ती जडपणाच्याच चाचणीवरून लावावी.

त्यानंतर मी पांढरा थर दिसला की तीन गोष्टी क्रमानं करते. आधी ओल्या फडक्यानं पुसते. गेला तर मीठ आहे किंवा पावडरचा उरलेला अंश आहे. नाही गेला तर लिंबाची फोड चोळते. मग गेला तर चुना आहे, म्हणजे मिठाचा कप्पा रिकामा आहे किंवा पायरी कमी लावली आहे. दोन्हींनी गेला नाही तर तो थर नाहीच, काच खरवडली गेली आहे. फार मृदू पाणी, जास्त पावडर आणि जास्त गरमी यांनी काचेचा वरचा पापुद्रा झिजतो आणि तो परत येत नाही. आमच्याकडचे सहा ग्लास असेच गेले, लग्नात आलेले होते.

मशीनच्या आतल्या चुन्यालाही लिंबूच. किराणा दुकानात लिंबूसत मिळतं, वाटीभर तळात टाकायचं, भांडी न ठेवता गरम प्रोग्राम चालवायचा. पितळी तांब्याला चिंच, चहाच्या गंजाला लिंबाची साल, हे आईंचे उपाय याच जातीचे. आंबटानं चुना विरघळतो.

बोर मात्र सोडावाच लागला. नळाचं पाणी शहानूर धरणाचं, गोडं, पण आमच्याकडे ते चार-पाच दिवसांनी येतं. मशीनला एका धुण्याला दहा-बारा लिटर पुरतं. आम्ही हातानं घासायचो तेव्हा तीन-चार बादल्या सहज जायच्या. पाच दिवसांचा हिशेब साठ लिटरचा झाला आणि मालक म्हणाले, एवढंच तर आहे. स्लॅबवर लोखंडी स्टँड करून पाचशे लिटरची वेगळी टाकी बसवली, टिल्लू पंपानं नळाच्या दिवशी भरायची. उंचीचाही प्रश्न त्यातच सुटला. पहिल्या धुण्यातून निघालेला ग्लास मी खिडकीशी नेला तर पलीकडचं कडुलिंबाचं झाड त्यातून स्वच्छ दिसत होतं.

भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट १८८६ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी घेतलं. ताटांच्या मापाचे तारेचे कप्पे आणि घासणीऐवजी पाण्याचा मारा ही त्यांची कल्पना होती, आजच्या मशीनमध्येही तीच आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्र गाजलं, हॉटेलांनी घेतलं, पण घरांत ते लवकर शिरलं नाही. एक कारण असं की घराघरांत एवढं गरम पाणी नव्हतं, आणि दुसरं असं की पुष्कळ ठिकाणचं पाणी जड होतं, साबणाला फेस येत नव्हता. हे वाचलं तेव्हा मला माझी न्हाणीतली पहिली सकाळ आठवली.

पाणी निघत नाही, हा बिघाड सगळ्यांच्या घरी कधी ना कधी येतोच. धुणं संपतं आणि तळाला तेलकट, पिवळं, शिळ्या वरणाच्या वासाचं पाणी उभं असतं. आधी गाळणी काढावी. ती फिरवली की निघते, आत एक बारीक जाळीचा पेला असतो. आमच्या जेवणात तर्री असते, पातोडीचं बेसन असतं, भाकरीचा चुरा असतो. सगळं मिळून जाळीवर साय धरते. थंड पाण्यानं ती निघत नाही, कढत पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश लागतो. दर आठवड्याला एकदा. हे एवढं केलं तर पुष्कळ मशीनं दुरुस्तीवाल्याकडे जाणारच नाहीत असं माझं ठाम मत आहे.

पण एकदा गाळणी चकचकीत होती आणि पाणी तरी उभंच. मशीन बाहेर फेकायच्या वेळी नुसतं गुणगुणायचं. मी गावातल्या मोटर वायंडिंगवाल्या भाऊंना बोलावलं. त्यांनी आयुष्यभर विहिरीवरच्या आणि बोरच्या मोटरी गुंडाळल्या आहेत, भांड्यांचं मशीन त्यांनी कधी उघडलं नव्हतं. त्यांनी आधी प्लग काढून माझ्या हातात दिला. "हा तुमच्याजवळच ठेवा, वहिनी. मी सांगतो तवाच लावाचा." मग वाटीनं पाणी उपसलं, उरलेलं फडक्यानं टिपलं, हातात रबरी मोजा चढवला, कारण तळात फुटकी काच असू शकते. गाळणीच्या खड्ड्यात एका बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण होतं. ते ओढलं आणि मागे बोटाच्या पेराएवढी पंपातल्या पंख्याची पाती दिसली. भाऊंनी बॅटरी मारली. पात्यात काळं, चकचकीत काहीतरी अडकून बसलं होतं. चिमट्यानं ओढून त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. चिंचोका.

तो कसा गेला तेही आठवलं. आईंनी तांबे घासायला चिंच भिजवलेली वाटी मशीनवर ठेवली होती, गाळणी धुवायला काढलेली होती, आणि वाटी कलंडली होती. गाळणी जागेवर नसताना मशीनजवळ काही ठेवू नये, हे त्या दिवशी कळलं.

भाऊंनी पातं बोटानं फिरवलं. ते सरळ फिरेना, अडकत अडकत, टप टप जागा बदलत होतं. मला वाटलं गेलं. ते म्हणाले, "याच्यात लोहचुंबक हाय, म्हनून असंच फिरते. हे आपल्या मोटरचंच पोट्टं हाय, फक्त लहान." मग मागच्या दोन टोकांना मीटर लावला, १६० ओहमच्या आसपास आकडा आला. तार शाबूत आहे, एवढं त्यांना पुरलं. आकडाच आला नसता तर पंप बदलावा लागला असता. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला, आणि दार उघडून भांड्यांवर पाणी मारणाऱ्या वरच्या पंख्याची भोकंही दाखवली. त्यांत मोहरीचे दाणे बसले होते. फोडणीतली मोहरी त्या भोकात अशी नेमकी बसते की जणू मापानं केली आहे. भोक बुजलं की पाण्याचा मारा मंदावतो, वरच्या कप्प्यातल्या वाट्या उष्ट्याच राहतात. दुपारी आई गोधडीची दाभण घेऊन उन्हात बसल्या आणि एकेक दाणा काढत गेल्या. पुढे आणि मागे धरून प्रत्येक भोकातून सूर्य दिसतो का ते त्या पाहत होत्या.

उंदरांचा बिघाड आमच्याकडचाच म्हणावा लागेल. दिवाळीनंतर कापूस घरात येतो, भाव मिळेपर्यंत एक खोली छतापर्यंत भरलेली असते, आणि कापसाबरोबर उंदीर येतात. त्या वर्षी मशीन सुरू करताच ते पाणी न घेता नुसतं बाहेर फेकायचा पंप चालवत बसे. बटण बंद केलं तरी घर्र सुरूच. गाळणी, जाळी, नळी, सगळं पाहिलं. शेवटी पुस्तिकेत सापडलं की मशीनच्या अगदी खाली एक पसरट ट्रे असतो, त्यात पाणी साचलं की एक तरंगणारा तुकडा वर उचलला जातो आणि मशीन सगळं सोडून पाणी फेकत सुटतं, घरभर पाणी होऊ नये म्हणून. प्लग काढून आम्ही दोघांनी मशीन पुढे ओढलं, मागे कलतं केलं. ट्रेमधून अर्धी बादली पाणी आलं. सांडपाण्याच्या नळीला उंदरानं अर्धा इंच कुरतडलं होतं. नळी दर्यापूरला मिळाली, जाड होती, क्लिपा आवळून बसवली. मशीन कोरडं होताच शहाण्यासारखं चाललं. मागच्या फटीला तेव्हापासून बारीक तारेची जाळी लावली आहे.

आता विजेचं. इथे मी घरगुती उपाय सांगणार नाही, कारण इथे जीव जातो. ओल्या हातानं दाराला हात लावला की झिणझिण्या येतात असं आई दोनदा म्हणाल्या आणि मी दोनदा दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा मलाच आल्या. वायरमनला बोलावलं तर प्लगची तिसरी पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये कशालाच जोडलेली नव्हती. जुन्या घरांत हे सर्रास आहे. दुसऱ्याच दिवशी अंगणात खड्डा खोदला, पाइप उभा केला आणि भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. मीठ ओल धरतं आणि वीज जमिनीत उतरायला वाट होते. आमची जमीन मुळातच खारट, त्यामुळे अर्थिंग उत्तम आलं असं वायरमन म्हणाला. खड्ड्यात गोणीतलं खडेमीठ ओतलं ते आईंनी. सोबत तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवला. त्यानंतर मशीन पाणी तापवायला लागलं की तो पडायचा. म्हणजे हीटरमधून गळती होती आणि ती आधीही असणार. मी ते उघडलं नाही. मशीन टेम्पोत घालून अमरावतीला नेलं, हीटर बदलून आणला. गाळणी, जाळी, नळी, पंखा, पंपाचं तोंड इथपर्यंत आपला हात. हीटर, आतली वायर आणि बटणांमागची पाटी जाणत्यानंच उघडावी, मग तो पन्नास किलोमीटरवर का असेना.

काही भांडी अजूनही न्हाणीत घासली जातात. पितळ, लोखंडी तवा, पोळपाट आणि जर्मनचं सगळं. जर्मनचा एक गंज मी न कळून आत टाकला होता, तो काळाठिक्कर निघाला. पावडरमधल्या क्षारानं ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर जातो. आईंच्या माहेरचा होता तो. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "काया झाला तं झाला, भात तर शिजते." आता तो गंज त्या स्वतः घासतात, डाव्या हातानं धरून, उजव्या हातानं हलकेच. पेरांवरच्या भेगा बुजल्या आहेत. मी कधीकधी त्यांचे हात हातात घेऊन बघते.

काल संध्याकाळी मशीनवर मिठाचा दिवा लागला. मी वह्या तपासत होते. आईंनी खालचा कप्पा बाहेर ओढून ठेवला, झाकण फिरवून काढलं, नरसाळं लावलं आणि पिशवीतलं मीठ हळूहळू ओतलं. पाणी काठावर आलं, थोडं बाहेर सांडलं. त्यांनी झाकण लावून ते ओल्या फडक्यानं पुसलं, मग सवयीनं बोट जिभेला लावून पाहिलं.

"सांडलं हाय वो, लगेच एकदा फिरवून घे," त्या म्हणाल्या. "स्टीलवर राह्यलं तं डाग पडन."

मी वही मिटली आणि बटण दाबायला उठले.